पॅनिंग (मोटारशर्यतींचे छायाचित्रण)

पॅनिंग हे गतिमान वस्तूचे छायाचित्र घेण्याचे एक तंत्र आहे. या तंत्रात छायाचित्रकार धावत्या वस्तूबरोबर कॅमेरा फिरवीत राहतो आणि तो फिरत असतानाच शटर तुलनेने दीर्घ काळ उघडे ठेवतो. त्यामुळे वस्तू स्पष्ट उमटते आणि स्थिर पार्श्वभूमी गतीच्या दिशेने ओढली जाऊन फराट्यांच्या रूपात दिसते. मोटारशर्यती, मोटारसायकल शर्यती, सायकल शर्यती, घोड्यांच्या शर्यती, उडते पक्षी अशा अनेक विषयांसाठी हे तंत्र वापरले जाते. मोटारशर्यतींच्या छायाचित्रणात मात्र त्याला मूलभूत कौशल्याचे स्थान आहे. अतिशय वेगवान शटरने टिपलेली शर्यतीची गाडी चित्रात उभी असल्यासारखी भासते. तिचा वेग दाखवायचा तर चित्रातील काही तपशील जाणूनबुजून पुसावा लागतो. कोणता तपशील राखायचा आणि कोणता पुसायचा, यावर हाताचा ताबा मिळविणे म्हणजे पॅनिंग शिकणे होय.

## नाव

‘पॅन’ हे ‘पॅनोरमा’ या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. चित्रपटसृष्टीत कॅमेरा एका जागी ठेवून डावीकडून उजवीकडे किंवा उजवीकडून डावीकडे फिरविण्याच्या क्रियेला हा शब्द रूढ झाला. स्थिरचित्रणातही तोच स्वीकारला गेला. मराठीत या तंत्रासाठी सर्वमान्य प्रतिशब्द रूढ नसून छायाचित्रकार ‘पॅनिंग’ हाच शब्द वापरतात.

## तत्त्व

छायाचित्रात एखादी वस्तू स्पष्ट दिसण्यासाठी शटर उघडे असेपर्यंत तिची प्रतिमा सेन्सरच्या एकाच जागी स्थिर राहावी लागते. वस्तू प्रत्यक्षात स्थिर आहे की धावती, याला त्या दृष्टीने महत्त्व नाही. कॅमेरा वस्तूच्या कोनीय वेगानेच फिरला, तर वस्तूची प्रतिमा सेन्सरवर जागची हलत नाही. उलट रस्ता, कठडा, झाडे, प्रेक्षक या स्थिर गोष्टींच्या प्रतिमा सरकतात आणि त्यांचे फराटे उमटतात.

ताशी २०० किमी वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ५५.६ मीटर अंतर कापते. तिच्या चाकाचा टायरसह व्यास ७२ सेंमी धरल्यास निरनिराळ्या शटरगतींना गाडीचे सरकणे आणि चाकाचे फिरणे सुमारे पुढीलप्रमाणे असते :

- १/२००० सेकंद : गाडी २.८ सेंमी पुढे जाते, चाक ४ अंश फिरते.
- १/५०० सेकंद : गाडी ११ सेंमी पुढे जाते, चाक १८ अंश फिरते.
- १/१२५ सेकंद : गाडी ४४ सेंमी पुढे जाते, चाक ७१ अंश फिरते.
- १/६० सेकंद : गाडी ९३ सेंमी पुढे जाते, चाक १४७ अंश फिरते.
- १/३० सेकंद : गाडी १.८५ मीटर पुढे जाते, चाक २९५ अंश फिरते.

चाकाला दहा आरे असतील, तर दोन लगतच्या आऱ्यांमधील कोन ३६ अंशांचा असतो. १/२००० सेकंदात चाक जेमतेम ४ अंश फिरते. त्यामुळे प्रत्येक आरा मोजता येतो आणि गाडी उभी वाटते. १/१२५ सेकंदात आरे एकमेकांत मिसळून चाकाची चकती होते. गाडी धावत असल्याचा प्रत्यय पाहणाऱ्याला चाक आणि पार्श्वभूमी या दोन खुणांवरून येतो.

पार्श्वभूमीच्या फराट्यांविषयी नवशिक्यांचा एक समज असा असतो की, जवळची पार्श्वभूमी अधिक ओढली जाते आणि दूरची कमी. वास्तविक छायाचित्रकार एका जागी उभा राहून केवळ कॅमेरा फिरवीत असतो. अशा वेळी गाडीमागचा कठडा आणि दूरचा डोंगर या दोहोंच्या प्रतिमा सारख्याच कोनातून सरकतात. म्हणून दोहोंचे फराटेही जवळजवळ सारख्याच लांबीचे उमटतात. फरक पडतो तो पार्श्वभूमीच्या पोताचा. रंगीत जाहिरातफलक, प्रेक्षकांची गर्दी, पानांतून झिरपणारा प्रकाश यांचे फराटे ठळक दिसतात. स्वच्छ आकाश कितीही ओढले गेले, तरी ते आकाशच दिसते. त्यातून वेग व्यक्त होत नाही.

फराट्याची लांबी किती असावी, याचा एक सोपा हिशेब आहे. गाडी समोरून काटकोनात जात असताना फराट्याचे गाडीच्या चित्रातील लांबीशी जे प्रमाण असते, तेच प्रमाण शटर उघडे असताना गाडीने कापलेल्या अंतराचे तिच्या प्रत्यक्ष लांबीशी असते. भिंगाचे नाभीय अंतर किंवा उभे राहण्याचे अंतर बदलले, तरी हे प्रमाण तेच राहते. साडेपाच मीटर लांबीची गाडी ताशी २०० किमी वेगाने जात असेल, तर १/१२५ सेकंदाला फराटा गाडीच्या लांबीच्या सुमारे ८ टक्के होतो आणि १/३० सेकंदाला जवळजवळ एक तृतीयांश. गाडी वळणावर निम्म्या वेगाने जात असेल, तर तोच परिणाम साधण्यासाठी शटर दुप्पट काळ उघडे ठेवावे लागते. म्हणजेच योग्य शटरगती गाडीच्या प्रकारावरून नव्हे, तर त्या जागी तिचा वेग किती आहे यावरून ठरते.

## इतिहास

मोटारशर्यतींच्या छायाचित्रणाच्या आरंभकाळातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फ्रेंच छायाचित्रकार झाक आंरी लार्तीग (जन्म १८९४) यांचे आहे. फ्रान्समधील ग्रां प्री शर्यतीत भरधाव जाणाऱ्या गाडीचे त्यांनी घेतलेले छायाचित्र परंपरेने १९१२ सालचे मानले जाते. काही अभ्यासक ते १९१३ चे समजतात. या चित्रात गाडीचे चाक लंबवर्तुळाकार होऊन पुढे झुकलेले आहे, तर रस्त्याकडेचे प्रेक्षक आणि खांब उलट दिशेला कललेले आहेत.

या विरूपतेचे कारण त्या काळच्या शटरच्या रचनेत आहे. नाभीप्रतलातील शटरची अरुंद फट उभ्या दिशेने सरकत असल्यामुळे चित्राचा खालचा भाग आधी आणि वरचा भाग नंतर नोंदला गेला. लार्तीग कॅमेरा गाडीबरोबर फिरवीत होते. परंतु तो गाडीइतक्या वेगाने फिरला नाही. त्यामुळे दरम्यानच्या क्षणांत गाडीची प्रतिमा पुढे सरकली आणि प्रेक्षकांची मागे. काटेकोर अर्थाने हे पॅनिंग अपुरे ठरले. तरीही त्यातून वेगाचा जो प्रत्यय येतो, त्यामुळे पुढे व्यंगचित्रकारांच्या धावत्या गाड्यांशी या चित्राची तुलना होत राहिली. १९६३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये झालेल्या प्रदर्शनानंतर लार्तीग यांची छायाचित्रे जगभर परिचित झाली.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत छायाचित्रकार रस्त्याच्या अगदी कडेला उभे राहत. ११ जून १९५५ रोजी ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत घुसून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतरच्या काळात शर्यतमार्गांवरील कठडे, जाळ्या आणि मोकळ्या जागा वाढत गेल्या. छायाचित्रकार मार्गापासून दूर गेला आणि त्याला लांब नाभीय अंतराच्या भिंगांवर अधिकाधिक विसंबावे लागले.

१९५०च्या दशकात व्हिएन्नात जन्मलेले एर्न्स्ट हास यांनी रंगीत फिल्मवर मंद शटरगती वापरून बैलझुंजीसारख्या विषयांतील हालचाल टिपली. गतीची अस्पष्टता हा दोष नसून अभिव्यक्तीचे साधन होऊ शकते, हे त्यांच्या कामामुळे मान्य होण्यास मदत झाली. जर्मन छायाचित्रकार राइनर श्लेगेलमिल्ख यांनी १९६०च्या दशकापासून मोटारशर्यतींमध्ये मंद शटरगतीचा विपुल वापर केला.

फिल्मच्या काळात हे तंत्र शिकणे खर्चिक होते. एका रोलवर ३६ चित्रे मिळत आणि ती धुऊन हाती येईपर्यंत चूक कोठे झाली हे कळत नसे. डिजिटल कॅमेऱ्यांमुळे प्रत्येक प्रयत्नाचा निकाल तत्काळ दिसू लागला. तांत्रिकदृष्ट्या पॅनिंग सोपे झाले नाही. त्याचा सराव मात्र स्वस्त झाला.

## साधने व कॅमेऱ्याची मांडणी

पॅनिंगसाठी विशिष्ट कॅमेरा अनिवार्य नाही. शटरगती हाताने ठरविता येईल असा कोणताही कॅमेरा चालतो. शर्यतमार्गावर सामान्यतः ७०–२०० मिमी किंवा त्याहून लांब नाभीय अंतराचे भिंग वापरले जाते.

शटर-प्राधान्य : या पद्धतीत छायाचित्रकार शटरगती ठरवितो आणि छिद्राचा आकार कॅमेरा निवडतो. शिकताना ही पद्धत सोयीची असते; कारण अभ्यासाचा विषय शटरगती हाच असतो. पार्श्वभूमी सतत बदलत असेल, तर अनुभवी छायाचित्रकार प्रकाशमापन स्वतः निश्चित करतात. अन्यथा गडद जाहिरातफलकासमोरून पांढरी गाडी गेली की चित्र अकारण उजळ होते.

फोकस : अखंड फोकस पद्धत निवडून फोकसबिंदू गाडीच्या विशिष्ट भागावर, बहुधा चालकाच्या शिरस्त्राणावर किंवा गाडीच्या पुढील भागावर ठेवतात. स्वयंचलित फोकस उपलब्ध होण्यापूर्वी गाडी ज्या जागेवरून जाणार त्या जागी रस्त्यावरील एखाद्या खुणेवर आधीच फोकस करून ठेवीत. गाडी नेहमी त्याच रेषेवरून जात असल्यास ही जुनी पद्धत आजही उपयोगी पडते.

कंपनरोधक यंत्रणा : भिंगातील किंवा कॅमेऱ्यातील कंपनरोधक यंत्रणा सर्व दिशांच्या हालचालींना विरोध करू लागली, तर पॅनिंगची मुद्दाम केलेली आडवी हालचालही ती रोखू पाहते. म्हणून अनेक भिंगांवर केवळ उभ्या दिशेतील कंप कमी करणारा वेगळा पर्याय असतो. काही यंत्रणा पॅनिंग आपोआप ओळखतात. असा पर्याय नसल्यास ही यंत्रणा बंद करून सराव करणे इष्ट ठरते.

प्रखर उन्हातील अडचण : स्वच्छ उन्हात आयएसओ १०० असताना एफ/१६ छिद्राला सुमारे १/१२५ सेकंद पुरतो. १/६० सेकंदासाठी एफ/२२ आणि १/३० सेकंदासाठी एफ/३२ इतके लहान छिद्र लागते. एवढ्या लहान छिद्राला विवर्तनामुळे चित्राची तीक्ष्णता कमी होते आणि सेन्सरवरील धुळीचे ठिपके उठून दिसतात. बऱ्याच भिंगांना एफ/३२ उपलब्धही नसते. यावर उपाय म्हणून भिंगापुढे राखाडी घनता-फिल्टर लावतात. प्रकाश आठपट कमी करणारा असा फिल्टर लावल्यास १/३० सेकंदासाठी एफ/११ चालते. ध्रुवण फिल्टरही काही प्रमाणात प्रकाश कमी करतो. शिवाय गाडीच्या काचेवरील चकाकी घालवितो.

इलेक्ट्रॉनिक शटर : सेन्सरवरील ओळी एकामागून एक वाचणाऱ्या काही कॅमेऱ्यांत वाचनाचा वेग कमी असतो. अशा कॅमेऱ्याने पॅनिंग केल्यास मागचे उभे खांब तिरपे होतात. लार्तीग यांच्या चित्रातील प्रेक्षक ज्या कारणाने कलले, तेच कारण येथे वेगळ्या रूपात पुन्हा आढळते. त्यामुळे अशा कॅमेऱ्यांत यांत्रिक शटर वापरणे श्रेयस्कर असते. संपूर्ण सेन्सर एकाच क्षणी वाचणारा ‘ग्लोबल शटर’ असलेला, भिंग बदलता येणारा पूर्णचौकट कॅमेरा सोनी कंपनीने २०२३ साली जाहीर केला. त्यात हा दोष उद्भवत नाही.

## जागेची निवड

गाडी छायाचित्रकाराच्या समोरून काटकोनात जात असेल, तर तिची पुढची आणि मागची बाजू जवळजवळ सारख्याच कोनीय वेगाने सरकते. त्यामुळे संपूर्ण गाडी स्पष्ट मिळण्याची शक्यता वाढते. गाडी तिरपी समोर येत असेल, तर जवळचा भाग वेगाने आणि दूरचा भाग सावकाश सरकतो. अशा वेळी कॅमेरा एकाच भागाशी जुळविता येतो. पुढील भाग स्पष्ट मिळाला, तर मागचा भाग अस्पष्ट होतो. तिरप्या कोनातील पॅनिंग अधिक नाट्यमय दिसते, परंतु नवशिक्यांसाठी ते योग्य नाही.

गाडी फार जवळून जात असेल, तर तिच्याबरोबर कॅमेरा फिरविणे कठीण होते. ताशी २०० किमी वेगाने जाणारी गाडी २० मीटरवरून समोर आली असता तिचा कोनीय वेग सेकंदाला सुमारे १५९ अंश असतो. ५० मीटरवर तो ६४ अंश आणि १०० मीटरवर ३२ अंश होतो. म्हणून शिकणाऱ्याने मार्गापासून दूर उभे राहून लांब भिंग वापरणे अधिक फलदायी ठरते.

वळणाच्या आतील बाजूस, वळणाच्या केंद्राजवळ सुरक्षित जागा मिळाली, तर गाडी काही काळ छायाचित्रकारापासून समान अंतरावरून आणि बऱ्याच अंशी समान कोनीय वेगाने फिरते. सरावासाठी ही आदर्श स्थिती होय. जागा निवडताना गाडीकडे पाहण्याआधी तिच्या मागे काय येणार, हे पाहावे लागते. जाळीचे खांब, मार्शलची चौकी, झाडांची सलग रांग आणि उजेड-सावलीचे पट्टे यांची नोंद आधीच घेतली जाते.

## शरीराची हालचाल

पॅनिंग हाताने होत नाही; ते कमरेतून होते. पाय खांद्यांइतक्या अंतरावर ठेवून, गाडी जेथे टिपायची त्या जागेकडे पायांची आणि कमरेची दिशा ठेवतात. त्यानंतर पाय न हलविता कमरेतून वळून गाडी येते त्या बाजूला कॅमेरा रोखतात. अशा रीतीने शरीराचा पीळ चित्र घेण्याच्या क्षणी सुटलेला असतो आणि हालचाल सहज होते. याउलट गाडी येते त्या दिशेला पाय रोवून उभे राहिल्यास नेमक्या क्षणी शरीर पिळले जाते आणि कॅमेरा अडखळतो.

कोपरे बरगड्यांना टेकलेली, डावा हात भिंगाच्या खाली आणि कॅमेरा चेहऱ्याला टेकलेला असावा. जड भिंगासाठी एकपायी आधार उपयोगी पडतो; तो वजन पेलतो आणि उभ्या दिशेचा कंप कमी करतो. तिपाई वापरायची असल्यास तिची मान क्षितिजाशी समांतर करून फक्त आडवी फिरेल अशी ठेवावी लागते.

गाडी दूर असतानाच तिला दृश्यदर्शकात घेऊन चौकटीतील तिची जागा निश्चित केली जाते. तिच्या वेगाशी कॅमेऱ्याचा वेग जुळला, म्हणजे बटण हलकेच दाबतात. बटण दाबल्यानंतरही कॅमेरा गाडीबरोबर फिरत राहिला पाहिजे. क्रिकेटमधील फलंदाज चेंडू बॅटवर आल्यानंतरही फटका पुरा करतो. येथील क्रिया तशीच आहे. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात शटर उघडे असताना दृश्यदर्शक काळा होतो, म्हणजेच जो क्षण टिपला जातो तो छायाचित्रकाराला दिसत नाही. त्या क्षणापुरता त्याचा भरवसा शरीराला लागलेल्या लयीवरच असतो. आरसाविरहित कॅमेऱ्यांपैकी काहींत हा काळोख नाहीसा झाला असला, तरी लयीची गरज कायम आहे.

## शिकण्याचा क्रम

शिकण्यासाठी शर्यतमार्गाची आवश्यकता नसते. फराट्याचे गाडीच्या लांबीशी असलेले प्रमाण हीच कसोटी धरली, तर साध्या रस्त्यावरही समतुल्य सराव करता येतो. ताशी १८ किमी वेगाने जाणारी सायकल १/३० सेकंदात सुमारे १७ सेंमी जाते. हे तिच्या लांबीच्या सुमारे एक दशांश आहे. ताशी ३६ किमी वेगाची दुचाकी १/६० सेकंदात तेवढेच अंतर कापते. या दोन्ही उदाहरणांतील परिणाम शर्यतीच्या गाडीच्या १/१२५ सेकंदाच्या चित्राजवळ जातो. शाळा सुटण्याच्या वेळचा रस्ता ही त्या दृष्टीने उत्तम प्रयोगशाळा ठरते. छायाचित्रकाराने मात्र पदपथावर राहावे आणि अनोळखी व्यक्तींची, विशेषतः मुलांची चित्रे त्यांच्या किंवा पालकांच्या संमतीवाचून प्रसिद्ध करू नयेत.

सामान्यतः पुढील क्रम अनुसरला जातो :

१. बटण न दाबता केवळ वाहने दृश्यदर्शकात धरून ठेवण्याचा सराव करणे. वाहनाचा एकच बिंदू, उदाहरणार्थ दिवा किंवा आरसा, फोकसबिंदूखाली टिकला पाहिजे.

२. शर्यतमार्गावर १/५०० सेकंदाने सुरुवात करणे. यात फराटे थोडे असतात. परंतु गाडी स्पष्ट मिळते आणि चौकटीत ती कोठे बसते ते समजते.

३. बहुतेक चित्रे स्पष्ट येऊ लागली, म्हणजे १/२५०, नंतर १/१२५ असे एकेक पायरीने उतरणे. पायरी बदलताना जागा आणि भिंग तेच ठेवावे, म्हणजे फरकाचे कारण एकच राहते.

४. १/६० आणि १/३० सेकंदांना बहुसंख्य चित्रे वाया जातील हे गृहीत धरणे. या टप्प्यावर सलग अनेक चित्रे घेण्याची सोय उपयोगी पडते. मात्र ती लयीला पर्याय होऊ शकत नाही.

५. प्रत्येक फेरीनंतर निवडक चित्रे पूर्ण आकारात पाहून दोषाचे कारण ठरविणे.

व्यावसायिक छायाचित्रकारांपुढे याहून वेगळा पेच असतो. शर्यत एकदाच होते आणि वृत्तपत्राला किंवा संघाला चित्र देणे बंधनकारक असते. त्यामुळे ते प्रथम वेगवान शटरने खात्रीची चित्रे घेतात आणि त्यानंतर मंद शटरचा धोका पत्करतात. सराव फेऱ्या आणि पात्रता फेऱ्या या प्रयोगासाठी, तर शर्यतीचा आरंभ आणि शेवट खात्रीच्या चित्रांसाठी, अशी विभागणी अनेकदा केली जाते.

## दोष आणि त्यांची कारणे

पॅनिंगच्या चित्रात दोषाचे कारण बहुधा चित्रातच नोंदलेले असते. पार्श्वभूमीवरील एखादा चमकता बिंदू जी रेषा उमटवितो, ती शटर उघडे असताना कॅमेऱ्याने घेतलेल्या मार्गाचा आलेख असते.

- पार्श्वभूमी स्पष्ट, गाडी ओढलेली : बटण दाबताना कॅमेरा थांबला. नवशिक्यांचा हा सर्वांत सामान्य दोष आहे.
- गाडी आणि पार्श्वभूमी दोन्ही आडव्या ओढलेल्या : कॅमेरा फिरला, पण त्याचा वेग गाडीशी जुळला नाही.
- फराटे नागमोडी किंवा तिरपे : कॅमेरा वर-खाली हलला, किंवा मार्ग चढाचा असूनही कॅमेरा आडवाच फिरविला गेला.
- बिंदूंच्या रेषेला टोकाशी आकडी : बटण जोराने दाबल्याने कॅमेऱ्याला झटका बसला.
- गाडीचा एकच भाग स्पष्ट : गाडी तिरपी होती, किंवा फार जवळून गेली.
- फराटे बरोबर, पण गाडी मऊ : फोकस चुकला. हा दोष हालचालीचा नसल्याने सरावाने जात नाही. फोकसची मांडणी तपासावी लागते.

## निरनिराळ्या शर्यतींतील उपयोग

मोटारसायकल शर्यतीत वळणावर वाहन आणि स्वार दोघेही कलतात. मोटोजीपी शर्यतींत हा कल ६० अंशांहून अधिक असतो. येथे स्वाराचे शिरस्त्राण स्पष्ट मिळणे महत्त्वाचे मानले जाते. रॅलीमध्ये रस्ता खडबडीत असल्याने गाडी वर-खाली उसळते. त्यामुळे फार मंद शटर साधत नाही. मात्र उडणारी धूळ किंवा चिखल चित्राला गतीची आणखी एक खूण पुरवितो. कार्टिंगमधील वाहने लहान असल्यामुळे कमी वेगातही त्यांचे फराटे लांब मिळतात. ताशी ८० किमी वेगाने जाणाऱ्या, १.८ मीटर लांबीच्या कार्टसाठी १/१२५ सेकंद पुरेसा ठरतो. रात्रीच्या शर्यतींत दिवे रेषांच्या रूपाने उमटतात आणि कमी प्रकाशामुळे मंद शटर वापरणे आपोआप शक्य होते.

## संगणकीय संपादन आणि वास्तवता

छायाचित्र-संपादनाच्या प्रणालीत स्थिर गाडीमागे कृत्रिम फराटे निर्माण करता येतात. अशा चित्रांत गाडीच्या कडेभोवतीची अनैसर्गिक किनार, न फिरलेली चाके, किंवा काचेतून दिसणारी स्पष्ट पार्श्वभूमी यांवरून कृत्रिमता ओळखता येते. जाहिरातीत हा प्रकार सर्रास आढळतो. वृत्तछायाचित्रणात मात्र न घडलेली गती दाखविणे हे वाचकाची दिशाभूल करणे मानले जाते. चित्र कापून चौकट सुधारणे, क्षितिज सरळ करणे आणि उजेड-अंधाराचे संतुलन साधणे हे सर्वसामान्यपणे ग्राह्य असते.

## सुरक्षितता

पॅनिंग करताना छायाचित्रकाराचा एक डोळा दृश्यदर्शकात असतो आणि लक्ष एकाच गाडीवर असते. त्याच वेळी मागून दुसरी गाडी येत असते. ही स्थिती धोक्याची असल्यामुळे अधिकृत शर्यतमार्गांवर कठड्याच्या पुढील भागात केवळ परवानाधारक छायाचित्रकारांना ओळखीचा अंगरखा घालून प्रवेश मिळतो. येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करू नये, मार्शलांचे निशाण आणि सूचना पाळाव्यात, बसून किंवा सामानात पाय अडकतील अशा रीतीने काम करू नये, आणि मागे हटण्याची वाट आधीच पाहून ठेवावी, हे सर्वमान्य नियम आहेत.

ताबा सुटलेली गाडी साधारणतः वळणाच्या बाहेरच्या बाजूस, स्पर्शरेषेच्या दिशेने जाते. म्हणून वळणाची बाहेरची बाजू, विशेषतः रॅलीच्या उघड्या रस्त्यावर, छायाचित्रणासाठी निषिद्ध समजली पाहिजे. चालकाचे डोळे दिपतील अशा रीतीने फ्लॅशचा वापर करू नये. कोणतेही चित्र या मर्यादा ओलांडण्याइतके मोलाचे नसते.

## भारतातील संदर्भ

भारतात मोटारशर्यतींच्या छायाचित्रणाला चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील शर्यतमार्ग आणि कोइंबतूर येथील कारी मोटर स्पीडवे या ठिकाणी नियमित संधी मिळते. ग्रेटर नोएडा येथील ५.१२५ किमी लांबीच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन शर्यती आणि २०२३ साली मोटोजीपी शर्यत झाली. २०२३ साली हैदराबाद येथे फॉर्म्युला ई शर्यत झाली, तर २०२४ साली चेन्नईत शहरातील रस्त्यांवर रात्रीची शर्यत झाली.

महाराष्ट्रात नाशिक परिसरात राष्ट्रीय रॅली मालिकेच्या फेऱ्या झाल्या आहेत. कोल्हापूर येथे कार्टिंगचा मार्ग आहे. कार्टिंगमध्ये प्रेक्षकांना वाहनांच्या तुलनेने जवळ थांबता येते आणि एकच वाहन थोड्या वेळात अनेक फेऱ्या मारते. त्यामुळे एकाच जागेवरून, एकाच वाहनावर वारंवार प्रयत्न करण्याची संधी विद्यार्थ्यांना तेथे मिळू शकते.

## हेही पाहा

- शटरगती
- नाभीय अंतर
- क्रीडा छायाचित्रण
- झाक आंरी लार्तीग
- बुद्ध इंटरनॅशनल सर्किट